रेव्हरंड ना. वा. टिळक : कवीमागचा पाळक आणि पाळकामागची माणसं



टिळक म्हटलं की वर्गातली मुलं लगेच लोकमान्यांची पगडी काढतात. मग त्यांना सांगावं लागतं, की अरे, हे दुसरे टिळक. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातले, वयात जेमतेम पाच वर्षांचं अंतर. एक 1856 चे, दुसरे 1861 चे. पण दुसरे टिळक कवी होते, आणि ख्रिस्ती पाळक होते. आमच्या रिसोडकडच्या मुलांना पाळक हा शब्द ऐकूनही माहीत नसतो. त्यांना फादर माहीत असतो, तोही सिनेमातला. म्हणून आधी एवढं सांगते : प्रोटेस्टंट चर्चमध्ये एका मंडळीची, म्हणजे तिथल्या भाविकांच्या समूहाची काळजी वाहणारा जो धर्मसेवक असतो तो पाळक. त्याला लग्न करता येतं, त्याचं घर असतं, बायकोमुलं असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजच्या लेखात ते घर फार महत्त्वाचं आहे.

रविवारी उपदेश करणारा पाळक सगळ्यांना दिसतो. पण सोमवार ते शनिवार त्याला कोण सांभाळतं? दुखणेकऱ्यांच्या घरी जाणं, मयताला उभं राहणं, भांडणं मिटवणं, गरिबाला चार पैसे देणं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं करणं. शिक्षकांना ही दमणूक वेगळी समजावून सांगायला नको. ना. वा. टिळकांचं चरित्र आपण बहुतेक वेळा कवी म्हणून वाचतो. आज पाळक म्हणून वाचू.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बालपण ठाणे जिल्ह्यात मुरबाडला गेलं. वडील तापट. आई जानकीबाई भाविक, तिला कवितेची आवड. मुलाचा जीव आईवर. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याचं घरातलं मनच उडालं. तो नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. शाळेचं रीतसर शिक्षण मात्र अर्धवटच राहिलं. बुद्धी विलक्षण, पण तिला एका जागी बसवणारं कोणी नव्हतं.

पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना बायको म्हणून मिळाली. ती तेव्हा अवघी अकरा वर्षांची. हीच लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका. तिच्या माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरातली माणसं त्यापायी मेटाकुटीला यायची. म्हणजे एकीकडे सोवळ्यात वाढलेली मुलगी, आणि दुसरीकडे कुठल्याच चौकटीत न मावणारा नवरा.

लग्नानंतरची टिळकांची दहा-पंधरा वर्षं बघितली तर नुसती भटकंती आहे. कुठे शिक्षकाची नोकरी, कुठे कीर्तनं, पुराणं, कुठे वर्तमानपत्राचं काम. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं, 'ऋषि' नावाचं मासिक निघालं. पण राग आला की नोकरी सोडायची, कंटाळा आला की गाव सोडायचं. कधी बायकोला न सांगताच निघून जायचे. तिनं मग माहेरी किंवा बहिणीकडे जाऊन राहायचं. हातात पैसा आला की तो दाराशी आलेल्या पहिल्या गरजवंताला देऊन मोकळे! संसाराच्या हिशेबाने बघाल तर हा माणूस कुठेही दोन-चार वर्षांच्या वर टिकेल असं कोणीही म्हटलं नसतं.

आणि हाच माणूस पुढे एका गावात, एका कामात वीस-बावीस वर्षं राहिला. मला टिळकांच्या आयुष्यात सगळ्यात मोठं कोडं वाटतं ते हे.

1893 साली टिळक नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार भेट दिला. टिळकांनी वाचायचं कबूल केलं आणि शब्द पाळला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते पुस्तक त्यांना सोडवेना. पुढची दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार, मनातली घालमेल. शेवटी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता एका भारतीय पाळकाच्या हातून, हे लक्षात घ्या. हा माणूस ख्रिस्ती झाला, साहेब झाला नाही. तुकोबांना तर त्यांनी कधीच सोडलं नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असंच ते मानत.

त्या काळी धर्म बदलणं म्हणजे घरादाराला मेल्यासारखं होणं. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आणि तरी नाही, पदरात लहान दत्तू. त्या नातेवाइकांकडे पंढरपूर, नाशिक अशा राहिल्या. टिळकांकडून पत्रं येत राहिली, पण बळजबरीचा एक शब्द नाही. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ आल्या, तेव्हा त्यांचं सोवळं त्यांच्याबरोबर आलं. वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. टिळकांनी ते सगळं चालू दिलं. जो माणूस बाहेर हजार लोकांना उपदेश करतो, त्याच्याच घरात बायको त्याच्या हातचं पाणी पीत नाही, आणि तो चिडत नाही! टिळकांच्या तापट स्वभावाच्या माणसाने एवढा धीर धरला, ही साधी गोष्ट नाही. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला, की जातिभेद देवाने केला की माणसाने? आणि एका दिवशी तो त्यांच्या मनातून गळून पडला. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता नगरकडे वळू, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे. अमेरिकन मराठी मिशन 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरला होतं. 1842 मध्ये याच मिशनने नगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं. मिशनचे अमेरिकेतले सचिव रुफस अँडरसन 1854-55 मध्ये भारतात येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत, आणि त्यांचा खर्च हळूहळू मंडळीनेच उचलायला हवा. बाहेरच्या पैशावर चर्च कायम उभं राहणार नाही. ऐकायला अगदी बरोबर. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेली माणसं कोण होती? बहुतेक महार, मांग समाजातली. जमीन नाही, पाऊस नाही. ती पाळकाला काय देणार? मूठ-पसा धान्य. खेड्यातला मिशनचा माणूस अनेकदा शाळेचा मास्तरही तोच आणि प्रार्थना घेणाराही तोच. आपली एकशिक्षकी शाळा आठवा. मास्तर, कारकून, शिपाई सगळं एकच, आणि वर गावाच्या अपेक्षा वेगळ्या. थोडक्या पगारात, एकटेपणात, एका बाजूला गावाचा संशय आणि दुसऱ्या बाजूला बंगल्यातल्या साहेबाचा हुकूम, असं आयुष्य या माणसांनी काढलं. त्यांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत.

अशा माणसांना तयार करणारी पाठशाळा नगरला होती, आणि टिळक तिथे शिकवायला लागले. पाठशाळेचे प्रमुख होते डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम. हे गृहस्थ 1847 मध्ये मुंबईतच जन्मलेले. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. 1886 च्या सुमारास ते रजेवर अमेरिकेत गेले असताना, ज्यांनी ख्रिस्ताचं नावच कधी ऐकलं नाही त्यांचं मृत्यूनंतर काय, या प्रश्नावर त्यांनी उदार मत मांडलं. त्यावरून त्यांच्याच संस्थेने त्यांना भारतात परत पाठवायचं अडवून धरलं. मग बराच वाद झाला आणि शेवटी त्यांना यायला मिळालं. स्वतःच्या मतासाठी स्वतःच्याच संस्थेत अडकून पडलेला हा माणूस टिळकांच्या वाट्याला वरिष्ठ म्हणून आला. मला वाटतं टिळक नगरला टिकले त्याचं एक कारण इथे आहे. टिळकांसारख्या माणसाला घड्याळ लावून कामाला जुंपलं असतं, तर तो आठवडाभरात नागपूरची गाडी पकडून गेला असता! त्यांना शिकवायला विद्यार्थी मिळाले, कविता लिहायला मोकळीक मिळाली, कीर्तन करायला अंगण मिळालं. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हापासून ते रेव्हरंड टिळक.

त्यांनी त्या मोकळिकीचं काय केलं ते बघा. तोवर मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली असायची. शब्द मराठी, पण सूर परका. खेड्यातली म्हातारी ते गाणार कसं? टिळकांनी ओवी आणली, अभंग आणला. टाळ, मृदंग, कीर्तन आणलं. ख्रिस्ती कीर्तन नगरला त्यांच्या आधीही होतं, पण त्याला काव्याची उंची त्यांनी दिली. त्यांची भक्तिगीतं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात, 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. खेड्यातल्या एकट्या पाळकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? त्याच्या हाती असं काही आलं, की जे त्याला परक्या भाषेतून पाठ करावं लागत नव्हतं. गावात बसून, आपल्याच माणसांत, आपल्याच चालीत तो म्हणू शकत होता. पाळकाला पगार, घर, रजा हे सगळं लागतंच. पण तो जे बोलतो ते त्याला मनापासून आपलं वाटायला हवं. ते नसेल तर बाकीचं असूनही माणूस आतून वाळतो.

पण नगरला टिळक टिकण्याचं दुसरं कारण बंगल्यात नव्हतं, त्यांच्या घरातच होतं.

लक्ष्मीबाई लग्नाच्या वेळी निरक्षरच म्हणायच्या. थोडंफार वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडूनच. पण घर चालवलं त्यांनी. टिळक पैसे देऊन टाकणार, ह्या दोन पैसे कुठेतरी बाजूला ठेवणार. टिळक बाजारात एक आणायला जाणार आणि भलतंच घेऊन येणार, मग चुलीवर काय ठेवायचं ते यांनी बघायचं. टिळक चिडून निघून जाणार, परत आले की ताट वाढलेलं. हे मी गोड करून सांगत नाहीये हं. लक्ष्मीबाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं हसत हसत लिहिलं आहे, पण हसण्याखाली किती सोसणं आहे ते आपल्या बायकांना बरोबर कळतं. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, पद नसतं, पण मंडळीतली अर्धी कामं तिच्याच पदरात पडतात. अनाथ मुलं घरी आली की आई कोण? लक्ष्मीबाई. 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ आपल्या वऱ्हाडानेही भोगला. नगर भागात मिशनच्या अनाथालयांत मुलांची रीघ लागली होती. पुढे प्लेगच्या साथीत लोक रक्ताच्या माणसालाही सोडून पळत होते, तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत रुग्णांची सेवा करत होत्या.

त्याच घरात एक हळवा तरुण कवी येऊन राहिला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपले बालकवी. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांच्या कवितेने सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं होतं. नगरला टिळकांनी त्यांना जवळ केलं आणि लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. धर्म बदलायचा कुठलाही तगादा नाही. वर्गात बालकवींची निसर्गकविता शिकवताना मी मुलांना ही गोष्ट नक्की सांगते, कारण कविता आभाळातून पडते असं त्यांना वाटत असतं. तिला कोणाच्या तरी घरची भाकरी लागते. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविताही शिकवताना मला त्यांचं ते माणसांनी भरलेलं घरच आठवतं. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण पिल्लांसाठी घरट्यापर्यंत पोचायची धडपड करते, हे ज्याला दिसलं, त्याने स्वतः लहानपणी आई गमावलेली होती.

1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन टिळकांकडे होतं. शिकवणं, उपदेश, कीर्तन, संपादन, त्यात 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलेलं. शरीर थकत होतं. आणि मनात एक सल होता. मिशनचा पगार घेणारा देशी उपदेशक म्हणजे गोऱ्यांचा नोकर, पैशासाठी बाटलेला, असा समज तेव्हा सर्रास होता. संताने पगार घ्यावा का? तुकोबांनी घेतला होता का? 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ख्रिस्त आपला गुरू वाटतो असे सगळे त्यात येऊ शकत होते.

इथे माझं मत थोडं वेगळं आहे ते सांगते. टिळकांच्या या त्यागाचं कौतुक नेहमी होतं, आणि ते व्हावंच. पण ज्या घरात आधीच दोन पैसे बाजूला ठेवून दिवस काढले गेले, त्या घरातून पगार गेला म्हणजे काय झालं असेल, याचा विचारही व्हायला हवा. टिळक संन्यासी झाले, पण लक्ष्मीबाईंना कोणी विचारून संन्यास दिला नव्हता. शिवाय हा निर्णय घ्यावा लागला यात एकट्या टिळकांच्या स्वभावाचा दोष नाही. पगार देणारा परका, काम करणारा इथला, अशी ती रचनाच होती. तीत चांगल्यातला चांगला वरिष्ठ असला तरी काम करणाऱ्याला कुठेतरी मिंधेपण वाटणारच. अँडरसन यांनी साठ वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं, तेच टिळक आपल्या पद्धतीने, मोठी किंमत मोजून करून दाखवत होते. त्यांना अजून दहा वर्षं मिळाली असती तर दरबाराचं काय झालं असतं, कोण जाणे.

दहा नाही, दोनच मिळाली. आजारी टिळकांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेलं, आणि 9 मे 1919 रोजी ते गेले. वय सत्तावन्न. बालकवी त्यांच्या आधी वर्षभर, मे 1918 मध्येच अपघातात गेले होते.

'ख्रिस्तायन'चे दहा-एक अध्याय लिहून झाले होते. बाकीचं काव्य नुसतं मनात राहून गेलं असतं. पण ज्या बाईला नवऱ्याने अक्षरं गिरवायला लावली होती, तिनं ते पुढे लिहायला घेतलं. साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या स्वतः कीर्तनं करत हिंडल्या. पुढे मुलगा देवदत्त यांच्या आग्रहामुळे आठवणी लिहिल्या, त्याच 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून ते भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागलं, आणि 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. आज मराठीतली सर्वांत चांगली आत्मचरित्रं मोजायला बसलात तर हे पहिल्या ओळीत येतं.

पालकांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांबरोबर 'स्मृतिचित्रे'तली काही प्रकरणं मोठ्याने वाचून बघा. भाषा अगदी घरगुती आहे, सातवी-आठवीच्या मुलाला सहज कळते, आणि पोट धरून हसाल. शिक्षक मित्रांनी 'केवढे हे क्रौर्य' शिकवायच्या आधी टिळकांच्या आईची गोष्ट सांगावी, आणि बालकवींची कविता घेताना नगरच्या त्या घराची. मुलांना मग एक प्रश्न द्या : टिळकांच्या घरात त्या काळी कोण कोण राहत असेल, आणि सगळ्यांचा स्वयंपाक कोण करत असेल, ते चित्र काढून दाखवा.